आंबट वर्ज्य

सकाळी आठ वाजताच जव्हारच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. दीडशे-दोनशे माणसं हातात पेला घेऊन बसली होती. कुणी खोकत होतं, कुणी घसा चोळत होतं, कुणाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि स्टेजवर शुद्धानंद वैद्यराज माइक ओठांना लावून खुशीत ओरडत होते, "जळतंय? जळू द्या! विष निघतंय! पंचावन्न वनौषधींची फौज आत शिरली, आता विषाला पळायला गळ्याशिवाय रस्ताच नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका हाताने घसा धरून टाळ्या कशा वाजवतात, ते मला त्या दिवशी कळलं.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण तिसऱ्या रांगेत माझा धाकटा भाऊ प्रसाद भिंतीला टेकून बसला होता, आणि मी घाबरले होते. प्रसादला वयाच्या नवव्या वर्षापासून इन्सुलिन लागतं. वैद्यराजांच्या सात दिवसांच्या शुद्धी-आहारात अन्न बंद, सुई बंद. फक्त तीन वेळा थंड पाण्यात कालवलेला पाला-मुळांचा काढा. सातव्या दिवशी वैद्यराजांच्या हातचं तीर्थ घेऊन काढा प्यायचा; गळा जळला नाही, की शरीर शुद्ध झालं, साखर कायमची गेली!

आज तिसरा दिवस होता. प्रसादचे ओठ सुकले होते, तो धापा टाकत होता आणि त्याच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या वासाचा अर्थ मला ठाऊक होता: इन्सुलिनवाचून त्याच्या रक्तात आम्ल साचत होतं. सातवा दिवस त्याला दिसणार नव्हता.

"प्रसाद, ऊठ. दवाखान्यात चल."

"ताई, वास येतोय म्हणजे विष निघतंय. महाराज म्हणाले." त्याला नीट बोलवतही नव्हतं. "आत्ता सुई घेतली तर सगळं विष परत आत जाईल. तुला माझं बरं झालेलं नकोय का?"

दोन दिवस मी त्याला समजावलं होतं, रडले होते, फोनवरून डॉक्टरांशी बोलायला लावलं होतं. एवढा शिकलेला पोरगा, पण पंधरा वर्षं सुया टोचून कंटाळला होता. त्या कंटाळ्यावरच वैद्यराजांचं दुकान चाललं होतं. त्याला उचलूनच न्यायचं म्हणून मी शाळेत पोषण आहार रांधणाऱ्या माघीमावशीला सोबत आणलं होतं. मावशी जवळच्याच दाभोसा गावची, भाताची गोणी एकटीने उचलणारी.

मावशीने प्रसादला उचललं नाही. त्याच्या हातातला पेला घेतला, हुंगला आणि एक घोट घशाखाली उतरवला. लगेच तिचा हात गळ्याशी गेला.

"बाई, ही तं शेवळा हाय!"

"काय?"

"शेवळा! सुकवून कुटलाय. वर सुंठ न् मध घातलाय, म्हणून वास लागत नाय. कच्च्या शेवळ्यानं असाच गळा खाजतो. लगीन झालं त्या साली मी काकडं टाकायला इसरली होती. अख्खं घर दोन दिस गळा धरून बसलं. सासूनं अजून माफ नाय केलं."

आमच्याकडे पावसाच्या तोंडाला रानात शेवळं उगवतात. घरोघर त्यांची भाजी होते, पण सोबत काकडाची आंबट फळं नाहीतर चिंच घालूनच. आंबट पडलं की खाज मरते. ही भाजी जन्मभर खाल्लेली सगळी माणसं तिथे बसली होती. पण काकडाशिवाय कुणी कधी चाखलीच नव्हती, तर ओळखणार कशी?

माझी नजर स्टेजमागच्या फलकावर गेली. पथ्यातली पहिलीच ओळ होती, 'आंबट पूर्णपणे वर्ज्य.'

मी उभी राहिले. आवाज वर्गातलाच निघाला. "महाराज, आंबट का वर्ज्य?"

"आंबट म्हणजे विषाची आई, बेटी!"

"मग तुम्ही रोज हाच काढा पिऊन दाखवता, तुमचा गळा कसा जळत नाही?"

"मी शुद्ध आहे!" त्यांनी नेहमीप्रमाणे कमंडलूतलं तीर्थ दोन घोट घेतलं आणि काढ्याचा पेला रिकामा केला. ठसकासुद्धा लागला नाही. पुन्हा टाळ्या.

टाळ्या थांबेपर्यंत माघीमावशी स्टेजवर चढली होती. महाराज "अरे, अरे" म्हणेतो तिने कमंडलू उचलून तळहातावर तीर्थ ओतलं, चाखलं आणि ती खो खो हसली. "चिंच हाय! चिंचेचा कोळ!"

पुढच्या रांगेतल्या चंपाकाकू, आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानवाल्या, खोकतच पुढे आल्या. त्यांनी तीर्थ घेतलं, तोंडात घोळवलं. थोड्या वेळाने त्या भीत भीत काढा प्यायल्या. सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले.

"नाही हो जळत," त्या म्हणाल्या. "मी... शुद्ध झाले की काय?"

"इतक्यात?" मागून कुणीतरी ओरडलं. "मग आम्ही सात दिवस कशाला उपाशी?"

महाराज "ये षडयंत्र है!" म्हणू लागले, पण माइक कुणीतरी बंद केला होता. मी मागे वळले. प्रसादने हात पुढे केला होता. मावशीने आणून दिलेलं चिंचेचं पाणी त्याने घेतलं, मग काढ्याचा एकच घोट. तो थांबला. गळा जळायची वाट पाहिली. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई," तो म्हणाला, "नुसती भाजी होती गं. मला घेऊन चल."

तेव्हा मावशीने त्याला उचललं. जीप दवाखान्याच्या फाटकात शिरली तेव्हा तो मला ओळखत नव्हता. सलाईन, इन्सुलिन, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला, आणि मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुपार झाली असती तर हाती काही लागलं नसतं."

वैद्यराज त्याच दिवशी जव्हार सोडून गेले. दुसरीकडे असतीलच, दुसरा पाला घेऊन. रानातल्या पाल्याशी माझं भांडण नाही. पण गळा जळतो, श्वास लागतो, शुद्ध हरपते आणि कुणी म्हणतं की हीच गुणाची खूण, तर आधी घाबरा. घाबरणं हेच तेव्हा शहाणपण असतं. मग विचारा, यात काय आहे? हे पथ्य कशासाठी? चालू औषध का सोडायचं? बाजारात शेवळाची जुडी घेताना आपण विकणारीला दहा प्रश्न विचारतो. पोटच्या पोराला, पाठच्या भावाला काढा पाजताना एक तरी विचारा.