झाली नव्हे, केली

योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, आधीचा शनिवार. अमेरिकेतल्या शुगर लँडच्या सिनेगॉगमध्ये संदेष्टा योएलच्या ग्रंथाचं वाचन चाललं होतं आणि मूळच्या पेणच्या मराठी ज्यू शोभनाबाईंचा संताप संताप होत होता, कारण वाचायला उभा होता त्यांचाच मुलगा निमिष. टोळधाडीनं देश उजाड केला, उपास करा, मागे फिरा, मग गेलेली वर्षंही भरून मिळतील, असं तो घडाघडा वाचत होता आणि लोक माना डोलावत होते. मेल्याला वाचताना घाम तरी फुटावा!

जूनच्या वादळात कॉलनीच्या नाल्यावरचं गेट यानंच बंद केलं होतं. कॉलनीच्या समितीतला इंजिनियर ना हा! कॉलनी कोरडी ठणठणीत राहिली आणि अडलेलं पाणी मागे फिरून पलीकडच्या ट्रेलर पार्कात, चाकांवरच्या घरांच्या गरीब वस्तीत, शिरलं. तिथली कार्मेन, शोभनाबाईंची बागेतली मैत्रीण, नातवंडांना घेऊन रात्रभर छपरावर बसून होती. आता समुद्रात पुन्हा वादळ उठलं होतं आणि गेट पुन्हा बंद करायचं समितीनं ठरवलंही होतं.

रविवारच्या बैठकीत पार्कातल्या लोकांसमोर काय बोलणार, असं शोभनाबाईंनी जेवताना विचारलं. चूक झाली म्हणेन, निमिष म्हणाला. समितीच्या वकिलानं तेवढंच सांगितलंय.

"झाली?" शोभनाबाईंनी ताट सरकवलं. "पाऊस झाला. चूक केली. कोणी केली ते बोल, नाहीतर यंदाचा उपास मी कार्मेनकडे सोडीन."

रविवारी निमिष उभा राहिला, अडखळला. आईकडे बघितलं.

"आय क्लोज्ड इट," तो म्हणाला. "मी केलं."

समितीतल्या प्रथमेशनं त्याची बाही ओढली. कार्मेननं माफ वगैरे काही केलं नाही. तिनं फक्त गेटची किल्ली मागितली, आणि निमिषनं ती जुडग्यातून काढून तिच्या हातावर ठेवली.

मंगळवारी वादळ आलं. गेट उघडंच राहिलं आणि दोन्हीकडे घोटाभर पाणी आलं. छपरावर मात्र कोणाला चढावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी शोभनाबाई भिजलेलं कार्पेट कुंपणावर वाळत घालत होत्या. प्रथमेश तणतणत आला. "काकू, बघा, केवढं नुकसान झालं!"

"झालं नाही रे," त्या कार्पेट झटकत म्हणाल्या. "आम्ही केलं."