स्विचला गुण आला

"मागे व्हा, मागे व्हा! रोग्याला हवा लागू द्या!"

मॅलकी टिअर्नीने हात उंचावून असं फर्मावलं, तशी जुन्या डेअरीच्या इमारतीतल्या त्या थंडगार खोलीत जमलेली माणसं खरोखरच भिंतीला चिकटली. रोगी म्हणजे लोखंडी कपाटात बसवलेला नेटवर्कचा एक स्विच होता. गावातल्या दवाखान्याच्या, पतपेढीच्या, गुरांच्या बाजाराच्या सगळ्या केबली त्या चपट्या पेटीत येऊन मिळायच्या. कुणाची माहिती कुठे वळवायची हे त्या पेटीला एकदा शिकवून ठेवावं लागायचं, आणि ते काम होतं ब्रोना हेफर्ननचं. तिने ते चोख केलं होतं. पण पेटी टेबलावर असेपर्यंत शहाण्यासारखी वागायची; कपाटात बसवून केबली जोडल्या की लगेच दिवे मालवायची आणि शिकवलेलं सगळं, स्वतःच्या नावासकट, विसरून जायची. पेटी बनवणाऱ्या कंपनीने दुसरी पाठवली. तिनेही पहिलीचाच कित्ता गिरवला.

गावाला कारण केव्हाच सापडलं होतं. डेअरी बांधताना परीलोकांचं काटेरी झाड तोडलं होतं ना, मग? शिवाय ब्रोनाच्या मालकाला, फर्गलला, लहानपणी झालेला गजकर्ण मॅलकीच्या बापाने नुसत्या हाताने घालवला होता. मॅलकी तर सातव्या मुलाचा सातवा मुलगा. आयर्लंडच्या त्या भागात दुखणी बरी करायला एवढी पदवी पुरते.

मॅलकीने पेटीवर तळवा ठेवून डोळे मिटले. "मी काही करत नाही बरं का. मी नुसता नळ. पाणी वरून येतं." मग त्याने पहिल्या भोकातली नवी निळी केबल उपटली. "ही याच्या जखमेची पट्टी. ही विहिरीवरच्या झाडाला बांधायची. कुजली की दुखणं संपलं. आणि आभार मानू नका कुणी, आलेला गुण जातो!"

ब्रोनाने पेटीला सगळं पुन्हा शिकवलं. फर्गलने खणातली एक जुनी केबल काढून त्या रिकाम्या भोकात खोचली. दिवे हिरवे झाले आणि हिरवेच राहिले. फर्गलला रडू कोसळलं. दाराशी कुणीतरी क्रूसाची खूण केली. आभार मात्र कुणी मानले नाहीत. मॅलकी पैशालाही शिवत नसे. फक्त त्याच्या पडवीतला फ्रीझर कधी मटणाविना नसे.

ब्रोना हसतच घरी आली. तिची नोकरी वाचली होती.

"मंगळवारचं रद्द केलं मी," तिची आई फिलोमिना म्हणाली. ती बटाटे सोलत होती, तिने मान वर केली नाही.

"काय रद्द केलंस?"

"डब्लिनचं हॉस्पिटल. मॅलकीकडे जाऊन आले. ब्लाउजची चिंधी बांधली झाडाला. ती कुजेपर्यंत डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही म्हणाला."

"आई, छातीत गाठ आहे तुझ्या! गजकर्ण नव्हे!"

"आणि तुझा तो स्विच काय गजकर्ण होता? एवढे शिकलेले तुम्ही, डोकी आपटून घेतलीत. त्याने हात ठेवला नि झालं. तू डोळ्यांनी बघितलंस ना?"

"योगायोग होता तो."

"बरं, मग कशाने सुधारला ते सांग."

ब्रोनाला सांगता येईना. ती काहीही बोलली तरी आई स्विचकडे बोट दाखवणार. दुकानात गेली तर तिथेही तेच, चर्चच्या पायऱ्यांवरही तेच: "काय ब्रोना, हरलात ना मॅलकीपुढे?" मॅलकीचा सगळ्यात मोठा पुरावा तिनेच स्वतःच्या हाताने शिकवून कपाटात बसवला होता, आणि तो पुरावा रोज हिरवागार उजेड पाडत होता. आईला उचलून गाडीत घालता येत नाही, आणि पटवायला शब्द नाही.

शेवटी ती वैतागून स्वतःशीच म्हणाली, चमत्कार राहू दे बाजूला, बदललं काय? पेटी तीच. कपाट तेच. शिकवणी तीच. बदलली ती फक्त केबल.

विहिरीवरच्या झाडाला चिंध्या, माळा, तान्ह्या बाळांचे मोजे लटकत होते. त्यांतच ती निळी केबल होती. ब्रोनाने गाठ सोडायला घेतली, तशी पाणी भरायला आलेली ब्रीडा ओरडली, "अगं, हात नको लावूस! जो काढतो त्याला ते दुखणं लागतं!"

"लागू दे. फार तर माझं नाव विसरेन मी."

कंपनीला परत पाठवायची पहिली पेटी अजून गाडीतच पडली होती. ब्रोनाने केबलचं टोक तिच्या पहिल्या भोकाशी धरून बघितलं, आणि तिच्या तोंडून आईसमोर देता न येणारी शिवी निघाली.

रविवारी प्रार्थना आटोपून माणसं मॅलकीच्या अंगणात रांग लावून बसली होती. फिलोमिनाही होती. ब्रोनाने पेटी दगडी कठड्यावर ठेवली, पडवीतून वीज घेतली, लॅपटॉप उघडला.

"हिचं नाव काय ठेवू?"

"डेझी!" मागून कुणीतरी आपल्या गाईचं नाव पुकारलं. माणसं हसली. पडद्यावर डेझी असं उमटलं.

"आई, ही झाडावरची केबल तूच लाव. मी लावली तर म्हणतील, पोरीने काहीतरी केलं."

फिलोमिनाने केबल पहिल्या भोकात दाबून बसवली. थोड्याच वेळात दिवे गेले. पेटी पुन्हा जागी झाली तेव्हा डेझीचा पत्ता नव्हता.

"बघितलंत?" मॅलकी गरजला. "केबल झाडावरून काढली, दुखणं परत शिरलं!"

अंगणात कुजबुज झाली. फिलोमिनाचा चेहरा पांढरा पडला. "ब्रोना, माझी चिंधी नाही ना काढलीस?"

आपण आईला आणखीनच मॅलकीकडे ढकललं की काय, असं ब्रोनाला वाटलं. तरी तिने विचारलं, "मॅलकी, दुखणं या केबलमध्ये आहे ना?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

"ठीक." तिने पेटीला पुन्हा नाव दिलं आणि केबल उपसून सुरी आईच्या हातात ठेवली. "टोकावर हे रबराचं टोपडं आहे ना, तेवढं काप. बाकी केबल तीच."

फिलोमिनाने बटाट्याचा डोळा काढावा तसं टोपडं कापलं. केबल पुन्हा बसवली. सगळे वाट बघत राहिले. कुणीतरी चहा आणला, तोही संपला. दिवे हिरवेच, आणि डेझी जागच्या जागी.

"दुखणं टोकालाच साचतं," मॅलकी घाईघाईने म्हणाला.

"मग आता केबल नकोच. आई, भोकाच्या वर हे बारीक बटण आहे. बोटाने दाबून धर."

आईने धरलं. दिवे गेले आणि डेझीही गेली.

"हे बटण पेटी कोरी करायला मुद्दाम दिलेलं असतं," ब्रोना लोकांकडे वळून म्हणाली. "नवी केबल नीट आत बसली की तिचं टोपडं हे बटण दाबून धरायचं. खणातल्या जुन्या केबलला टोपडं नव्हतं. एवढाच मॅलकीचा हातगुण. गुण आला की हात जोडून थांबू नका हो. आधी काय होतं, मग काय बदललं, एवढं तरी विचारा."

"श्रद्धाच नसली की असं होतं..."

"पेटीला रे कुठली श्रद्धा, मॅलकी?" एक म्हातारा म्हणाला. मॅलकीने आज उपचार बंद असल्याचं जाहीर केलं आणि तो आत गेला. निम्मी माणसं उठली. निम्मी तरीही बसून राहिली.

फिलोमिना सुरी हातात धरून तशीच उभी होती. "स्विचचं कळलं मला. माझ्या गाठीचं बटण कुठे आहे?"

"मला नाही माहीत, आई."

"आणि डब्लिनलाही गुण नाही आला तर?"

"तर का नाही आला, हे शोधणारं कुणीतरी तिथे असेल. इथे ते विचारायचीच बंदी आहे."

फिलोमिनाने सुरी पुसून पर्समध्ये टाकली. "भीती वाटते गं मला. म्हणून आले होते त्याच्याकडे. तो म्हणाला, काही होणार नाही."

"मलाही वाटते," ब्रोनाने तिचा हात धरला. "घाबरतच जाऊ. पण डॉक्टरकडे जाऊ."