हिलालच्या वाट्याचा पाट

हिलाल कामासाठी सुरतेला गेला, तेव्हा पाटाचा त्याच्या वाट्याचा तुकडा उठून त्याच्यामागे निघाला. एसटी सुटेपर्यंत तो तुकडा स्टँडवर उभा असलेला सगळ्यांनी पाहिला.

आमच्या गावात बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत एकच मातीचा पाट आहे. प्रत्येक घरानं आपला तुकडा साफ ठेवायचा आणि मी, पाटकऱ्यानं, पाळीपाळीनं पाणी द्यायचं. पंप नाही, डिझेल नाही. फक्त माणसं लागतात, आणि नेमकी तीच निघाली आहेत.

हिलालच्या जागी चाळीस हातांची घळ उरली. पलीकडे भटाबाईचा गहू ओंबीवर होता. शुक्रवारी मी घळीत आडवा झालो. पुरलो. कसा पुरलो ते विचारू नका, पाटकरी पुरतो. पाणी हनुवटीखालून आलं आणि छातीवरून पायांकडे वाहत गेलं.

"आप्पा, हालू नको," भटाबाई म्हणाली. "मना गहू पेई ऱ्हायना." तिचा गहू पाणी पीत होता खरा, पण माझ्या काखेतून पाणी झिरपत होतं, तिथे तिनं चिखल लिंपला.

मला शनिवारच्या एसटीनं सुरतेला लेकीकडे जायचं होतं. तिला नववा महिना लागलाय आणि तिची आई नाही. एक दिवस पडून राहायला माझी हरकत नव्हती.

हिलालचा फोन आला. भटाबाईनं तो माझ्या कानाला धरला.

"आप्पा, तुकडा खोलीमा घुसी गया. घरमालक वरडी ऱ्हायना."

"त्याला घेऊन परत ये."

"सुट्टी नही," हिलाल म्हणाला.

त्या संध्याकाळी आणखी दोन घरांना कुलूप लागलं. त्यांचे तुकडेही गेले. सकाळी मी मान उचलून पाहिलं, तर माझे गुडघे चिंचेपाशी होते आणि पाय वळणापलीकडे गेले होते. खरं सांगतो, मला रडू आलं. पण पाट रडला तरी कुणाला कळणार?

एसटी आली. ड्रायव्हरला मी येणार हे माहीत होतं, त्यानं तीनदा हॉर्न वाजवला. मी कोपरावर उठलो. लगेच पाणी बाजूला फुटलं, आणि दूरवरून भटाबाई ओरडली. मी परत पडलो. एसटी गेली.

दुपारी शेवटचा वाफा भरला. भटाबाईनं वर बंधाऱ्याचं दार लावलं. माझ्या अंगावरचं पाणी ओसरलं.

"आता उठू दे, बाई," मी म्हणालो. "रस्त्यावर एखादा ट्रक मिळेल. लेक वाट बघतेय."

तिनं मला डोक्यापासून दिसेल तिथपर्यंत पाहिलं. तिचा चेहरा मायेचा होता, हे मला नाकारता येणार नाही.

"पुढली पाळी आठ दिनमा," ती म्हणाली. "गाळ बसना भाऊ, बराच."

तिनं पदर खोचला, फावडं घेतलं आणि माझ्या गळ्यापासून बसलेला गाळ उपसायला सुरुवात केली.