स्लॅबने दिलेला कौल

जरा वर बघा. मी बोलतोय, पेडण्यातल्या कमलाक्षीबाईंच्या नव्या घराचा स्लॅब. माणसे घरात शिरली की फरशी बघतात, भिंतीचा रंग बघतात, दाराला हात लावून लाकूड कुठले ते विचारतात. छताकडे कोणी बघत नाही. ते डोक्यावर राहणारच, असे सगळ्यांनी धरलेले असते.

माझा जन्म गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातला. सिमेंट बेताचे, लोखंड त्याहून बेताचे आणि रेती खाडीची, खारी. हे सारे कालवले प्रज्योतने. तो याच वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतलाच ठेकेदार, बाईंना काकी म्हणणारा. कामाआधी बाईंची लेक सिद्धी हिने लेखी करार मागितला होता. ठेकेदाराने फसवले तर घरमालकाला दाद मागता येईल असा कायदा सरकार आणणार, असे तिने पेपरात वाचले होते. प्रज्योत हसला. "काकी, राखणदाराक नारळ दिलो मगे. आनी कागद कित्याक?"

बाईंना ते पटले. गाव राखणाऱ्या देवापुढे, राखणदारापुढे, गाऱ्हाणे घातल्यावर कागद मागायचा म्हणजे देवावरच अविश्वास. इथली माणसे माणसाच्या लबाडीपेक्षा देवाच्या रागाला जास्त भितात, आणि लबाडांना हे चांगले ठाऊक असते.

माझ्यात चार कड्या पुरलेल्या आहेत. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफळावळीची माटोळी टांगायची, त्यासाठी. बाईंचे यजमान सगुण यांनी जवळ उभे राहून त्या बसवून घेतल्या. आपली माटोळी वाड्यावर सगळ्यांत भरगच्च हवी, एवढीच त्या माणसाची हौस.

मी पुरता घट्टही झालो नव्हतो, तोच प्रज्योतला पंचायतीवर पंच म्हणून निवडून येण्याचे डोहाळे लागले. निवडणूक लांब होती, पण सभेला आतापासूनच व्यासपीठ हवे होते. त्याने टेम्पो आणला आणि माझ्याखालचे टेकू उपटून नेले. त्या दिवशी मी पहिल्यांदा वाकलो. एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत केसाएवढी चीर गेली. सभेत तो मजबूत गावाबद्दल फार छान बोलला म्हणे, माझ्याच टेकूंवर उभा राहून.

मग मतदार यादी तपासायला एक शिक्षिका आल्या. या घराच्या नंबरावर डझनभर परकी नावे चढली होती. माझ्याखाली उभ्या राहून त्यांनी विचारले, "बाये, हीं माणसां हांगाच रावतत?" प्रज्योत आदल्या दिवशी बजावून गेला होता, हो म्हण, म्हणजे चवथीआधी घर पुरे करून देतो. कमलाक्षीबाईंनी जन्मात दुसऱ्याच्या माडाखाली पडलेला नारळ उचलला नव्हता. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "रावतत."

मला तेव्हाच कळले की या बाईंचे तोंड आता शिवले गेले.

दोन पावसाळ्यांत खाऱ्या रेतीने आपले काम केले. माझ्या पोटातले लोखंड गंजून फुगले आणि चीर वाढत गेली. ती दिसली फक्त सिद्धीला. "आई, चीर वाडत आसा गो. तक्रार करुया."

"गप ऱ्हाव," बाई हळूच म्हणाल्या. "तक्रार केली तर तीं नावां आमच्याच गळ्यात येतलीं. खोट्या मतांकय कायदो येता म्हण तूंच वाचलंस मगे."

दोन्ही कायदे यायचे आहेत. पण एकाच्या भीतीने बाईंनी दुसऱ्याचे दार आधीच लावून घेतले. मला त्यांचा राग येत नाही, कीव येते.

आज सकाळी माटोळी बांधली. नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, चिबूड, रानातली फळे. सगुण एकेक वस्तू आणत गेले आणि कड्या करकरत राहिल्या. मला राहवेना. जीव एकवटून मी तळहाताएवढा एक तुकडा सोडला, कोणाला लागू नये असा, चौरंगाच्या उजव्या कडेला. म्हटले, आता तरी ही माणसे वर बघतील.

सगुण खालीच बघत राहिले. देवळात कौल लावतात तेव्हा देवाच्या अंगावरची उजवीकडची पाकळी पडली की देवाचा होकार. त्यांनी हात जोडले. "उजवो पडलो. देवान कौल दिलो." कितीतरी दिवसांनी बाई हसल्या आणि केरसुणी आणायला गेल्या.

संध्याकाळी प्रज्योत नारळ घेऊन आला. "भितर ये रे, माटोळी बघ," बाई म्हणाल्या. तो अंगणातल्या पत्र्याखालीच थांबला. "हांगासूनच दिसता, काकी." नारळ पायरीवर ठेवून तो निघून गेला.

"आई, तो भितर कित्याक येवक ना?" सिद्धीने विचारले.

"निवडणूक आसा. घाई आसतली."

उद्या आरतीला सारा वाडा माझ्याखाली जमेल. टाळ वाजतील, अंगणात फटाके फुटतील. मी धरून राहीन, जमेल तोवर. पण पुन्हा बजावू कसे? पडण्यावाचून दुसरे बोलणे मला येत नाही, आणि या खेपेचा शब्द तळहाताएवढा नसेल. तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. आरती सुरू व्हायच्या आत जा, आणि त्यांना बाहेर बोलवा.