आधीचा फोटो

चादर काढण्याआधी कमळताईंनी दार लावून घेतलं. नुसतं लोटलं नाही, कडी घातली. पंतनगरच्या त्या जुन्या इमारतीत दिवसा कुणी दार लावत नाही. जाळीच्या दारातून येणारा-जाणारा डोकावतो, "काय, झालं का जेवण?" विचारतो आणि पुढे जातो. त्यामुळे कडीचा आवाज झाला तसा मी जरा दचकलोच.

"बघा आता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चादर उचलली. खाली मेणकापड होतं. तेही उचललं.

मी तीस वर्षं सोफे दुरुस्त करतोय. घाटकोपरात लोक सोफ्यावर बसत नाहीत, चादरीवर बसतात, एवढं मला या धंद्याने शिकवलंय. चादरीखाली काय आहे ते घरच्या बाईला ठाऊक असतं आणि मला. मांजराने ओरबाडलेलं, पोरांनी पेनाने गिरवलेलं, इस्त्रीने जळालेलं, सगळं पाहून झालंय. इथे मात्र खिडकीकडच्या बाजूला, एकाच जागी, पिवळ्या डागावर पिवळा डाग चढत गेला होता. कडा तपकिरी झाल्या होत्या आणि तेवढ्या भागातला फोम पार बसला होता.

"दोन वर्षं झाली," कमळताई हळू आवाजात म्हणाल्या. "दुपारी टीव्ही बघता बघता डोळा लागतो आणि मग... झोपेत कळत नाही हो त्यांना. जाग आली की कळतं. ते जास्त वाईट."

त्यांचे यजमान, रामनाथ सामंत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. रिटायर्ड पोस्टमास्तर. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. आमच्याकडे त्यांची पाठ होती, आणि ती मुद्दाम केलेली आहे हे कळत होतं. सोफ्याच्या वर भिंतीवर टपालपेटीच्या आकाराचं लाल लाकडी घड्याळ होतं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी सुताराकडून खास करून घेतलेलं, असं ताईंनी आत आल्या आल्याच सांगितलं होतं.

"रविवारी ह्यांची पंचाहत्तरी आहे," त्या म्हणाल्या. "पोस्टातली जुनी मंडळी येणार. हॉल-बिल काही नको, घरीच बोलवू म्हणाले. तेवढा शनिवारपर्यंत करून द्या. आणि दादा, कुठे बोलू नका हं. शेजारच्या गंधालीलासुद्धा मी कळू दिलेलं नाही."

"ताई, आमचा धंदा डॉक्टरसारखा," मी म्हणालो. "पेशंटचं पेशंटपाशी."

हे वाक्य मी सगळीकडे टाकतो. बायकांना धीर येतो. कमळताईंनाही आला, त्यांचे खांदे जरा सैल झाले. मग मी म्हणालो, "ताई, जरा पाणी मिळेल का?"

मला तहान लागली नव्हती.

इथे नेत्राचं सांगायला हवं. नेत्रा माझी मुलगी, एका लॅबमध्ये काउंटरवर असते. माझं दुकान भटवाडीत चढावाच्या गल्लीत. रिडेव्हलपमेंटला निघालेल्या इमारतींमधून लोक जुने सोफे टाकून जातात, ते मी आणतो, फ्रेमपर्यंत सोलतो, नवे करून विकतो. पण त्या चढावावर यायचं कोण? गेल्या वर्षी नेत्राने मोबाईलवर माझ्या नावाचं पान काढलं. 'धाकू सोफावाले'. त्यात छोटे व्हिडिओ, सोफा आधी कसा होता आणि नंतर कसा झाला. "पप्पा, आधीचा जितका भयाण, तितका नंतरचा झकास दिसतो," ती म्हणाली, आणि पोरीचं खरं निघालं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची कामं यायला लागली. जुहूच्या एका बाईंनी तर दार उघडताच विचारलं, "तुम्हीच ते ना?" छप्पन्नाव्या वर्षी कुणी असं विचारलं की माणूस हवेत जातो. मीही गेलो. तेव्हापासून फाटका सोफा दिसला की आधी मनात यायचं, फोटोत कसा दिसेल?

नेत्राची अट एकच होती, मालकाला विचारायचं. बहुतेक लोक हो म्हणायचे. कमळताई म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पाणी मागितलं. आत माठात ओगराळं बुडाल्याचा आवाज आला तेवढ्यात मी तीन फोटो काढले. घाईत नाही, नीट काढले. दोन पावलं मागे सरकलो, खिडकीचा उजेड बरोबर डागावर येईल असा उभा राहिलो. तिसरा झकास आला. मग त्यांच्या हातचं पाणी उभ्या उभ्या सगळं प्यालो.

संध्याकाळी नेत्राने फोटो पाहिला. "ईऽऽ, पप्पा! विचारलंस ना त्यांना?"

"हो गं."

"नक्की?"

"चेहरा नाही, नाव नाही. आणि विचारलं म्हटलं ना."

काम मात्र मी मन लावून केलं. सोफा घेतला तेव्हाच सेकंडहॅण्ड होता म्हणे, पण कापड फाडलं तर आत अस्सल सागवान. कुजलेलं गोणपाट काढलं, स्प्रिंगा बदलल्या, नवा फोम घातला, वर गडद हिरवं कापड. शिलाई माझ्या बायकोची, शेवंतीची. तिच्या हातची शिवण दोरी लावून मोजावी इतकी सरळ. खिडकीकडच्या बाजूला कापडाखाली मी पाणी न झिरपणारं अस्तर घातलं, म्हणजे पुन्हा काही झालं तरी फोम वाचेल आणि ताईंना मेणकापड घालावं लागणार नाही. त्यांनी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. आपण माणूस म्हणून अगदीच वाईट नाही, असं त्यामुळे मला स्वतःला सांगता आलं.

गुरुवारी नंतरचा फोटो काढला आणि नेत्राने व्हिडिओ टाकला. शुक्रवारी दुपारपर्यंत नव्वद हजार लोकांनी पाहिला. आजवर इतका एकही चालला नव्हता. मी चहाच्या टपरीवर उभा राहून खालचे शेरे मोठ्याने वाचून दाखवत होतो. कुणी लिहिलं होतं, कुत्रा पाळला होता का? त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, कुत्रा नाही रे, आजोबा. टपरीवरची सगळी हसली. मीही हसलो. हे सांगायला जीभ रेटत नाही, पण हसलो.

शनिवारी सकाळी टेम्पोवाल्याच्या मदतीने सोफा दोन मजले वर चढवला. कमळताईंचं दार सताड उघडं होतं. जाळीचं दारही भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्या बाजूला उभ्या राहिल्या, आम्ही सोफा जागेवर ठेवला, टेम्पोवाला खाली गेला. मी फडक्याने हात पुसत कौतुकाची वाट बघत होतो. समोर भिंतीवर लाल घड्याळ नव्हतं. नुसता खिळा होता, आणि त्याखाली घड्याळाच्या आकाराएवढा भिंतीचा उजळ तुकडा.

तेव्हा मला फोटो काढतानाचं आठवलं. उजेड डागावर यावा म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो होतो.

"फोटोत घड्याळ आलंय तुमच्या," कमळताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "असं घड्याळ दुसऱ्या कुणाकडे नाही. हर्षद पाटकर म्हणून ह्यांच्या हाताखाली होते, त्यांनी ह्यांनाच पाठवला व्हिडिओ. साहेब, हे आपण दिलेलं घड्याळ ना? बिचाऱ्याने घड्याळच बघितलं. बाकीचं नंतर लक्षात आलं असणार, लगेच पुसून टाकला. पण तोवर ह्यांनी बघितला होता. तुमच्या पानावर जाऊन परत लावला. चार वेळा. चष्मा लावून खालचं सगळं वाचलं."

"मग?"

"मग काय? खुर्चीवरून उठले. तेव्हापासून बसलेले नाहीत."

मला कळेना.

"कशावरच बसत नाहीत. चहा उभ्याने, जेवण ओट्यापाशी उभ्याने. रात्री आडवे होतात तेवढेच, तेही जमिनीवर. बसा म्हटलं की म्हणतात, नको, खराब होईल."

जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. मी म्हणालो, "दार लावू का, ताई?"

"कशाला? आता काय राहिलंय लावून घेण्यासारखं?"

मी तिथूनच नेत्राला फोन लावला. "तो सामंतांचा व्हिडिओ काढून टाक. आत्ता."

"का? इतका चाललाय..."

"विचारलं नव्हतं त्यांना."

पलीकडे काउंटरवरची गडबड ऐकू येत होती. नेत्राने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मी दोनदा विचारलं होतं तुला, पप्पा." आणि फोन ठेवला. दोन मिनिटांत व्हिडिओ गेला. पण नव्वद हजार लोकांच्या डोळ्यांतून कसा काढणार होती ती? तिच्याशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो असं नाही, पण पकडला पहिल्यांदाच गेलो होतो.

मी कमळताईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर काय हात जोडताय? ते बघा, तिकडे उभे आहेत."

रामनाथ सामंत स्वयंपाकघरात खिडकीचा गज धरून उभे होते. खुर्ची शेजारीच होती, रिकामी. तेवढ्या चार पावलांत मी काय बोलायचं ते तीन-चारदा जुळवलं आणि तोंड उघडलं तेव्हा एवढंच निघालं, "साहेब, चुकलं माझं."

त्यांनी वळून पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एखादी कानाखाली मारली असती तरी मी ती नीट घेतली असती.

"तावडे ना तुम्ही? कुठचे?"

"कणकवलीकडचे, साहेब."

"काम चांगलं आहे तुमचं. आधीचा आणि नंतरचा फरक..." ते थांबले. "स्पष्ट दिसतो."

माझी एक पद्धत आहे. सोफा पोचवला की घरातलं सर्वांत मोठं माणूस आधी बसतं, मगच मी निघतो. स्वतः तर कधीच बसत नाही. इतक्या वर्षांत हे कधी मोडलं नव्हतं, म्हणून सवयीने बोलून गेलो, "एकदा बसून बघता का, साहेब? घरातलं मोठं माणूस बसल्याशिवाय मी जात नाही."

"उद्या बघू," ते म्हणाले. "उद्या पाहुणे येणारेत. तुम्हीही या. या नक्की."

घरी आलो आणि शेवंतीला सगळं सांगितलं. तिने मशीनवरून पाय काढला. "ती बाई दाराक कडी घालता, नि तू फोटो काढतस?" एवढंच म्हणाली. रात्री जेवताना नेत्रा ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. मी म्हटलं, उद्या मी काही जात नाही, कुठल्या तोंडाने जाऊ? शेवंती म्हणाली, "ह्याच तोंडान जा. लपान रवू नको."

रविवारी संध्याकाळी गेलो. आठ-दहा म्हातारी मंडळी होती, दारात चपलांचा ढीग. त्यातले काही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते, दोघेजण सोफ्याच्या दाराकडच्या टोकाला अंग चोरून. खिडकीकडची जागा मोकळी होती. तीन माणसं भिंतीला टेकून उभी होती, पण त्या जागेकडे कुणी सरकत नव्हतं. हातात फुलांचा गुच्छ घेतलेले एक गृहस्थ भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते आणि कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटलं की नजर खाली नेत होते. तेच हर्षद पाटकर असणार.

रामनाथ सामंत सगळ्यांच्या मध्ये उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, नुकतीच केलेली दाढी.

"बसा ना साहेब," कुणीतरी म्हणालं. "पंचाहत्तरी तुमची."

"छत्तीस वर्षं काउंटरमागे बसलो," ते म्हणाले. "आता जरा उभं राहू द्या."

सगळे हसले. एवढ्याशा बोलण्याला नको इतके मोठ्याने हसले. कमळताई बशा घेऊन आत वळल्या.

मी चपलांच्या ढिगापाशी थांबून, तोंड दाखवून निघायच्या बेतात होतो. त्यांनी मला पाहिलं. "या, तावडे, या. हा सोफा ह्यांनी केलाय बरं का," ते सगळ्यांना म्हणाले आणि पुढे येऊन त्यांनी माझा हात धरला. सोफा करणारा म्हणजेच तो व्हिडिओवाला, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. त्यांनी मला हाताला धरून सगळ्यांच्या मधून नेलं, खिडकीकडच्या जागेपाशी थांबले.

"बसा."

"साहेब, आधी तुम्ही."

"बसा हो. पाहुणे आहात."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबलं. मी बसलो. मीच घातलेला फोम, मीच ताणलेलं कापड, खालचं अस्तरही माझंच. स्प्रिंग जराही कुरकुरली नाही. माझी मान वर होत नव्हती. इतक्या वर्षांत इतकं कधी मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

मग पाटकर बोलले, आणखी दोघे बोलले, जुन्या ऑफिसातल्या गमती निघाल्या, केकही साहेबांनी तिथेच, एका हाताने कापला. तास-सव्वा तास गेला असेल. तेवढा वेळ रामनाथ सामंत माझ्याशेजारी उभे होते, हात माझ्या खांद्यावर. त्यांचे पाय थरथरत होते. दुसऱ्या कुणाला दिसत नसेल, पण त्या हातातून ते मला कळत होतं. मी दोनदा उठायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला खाली बसवलं.