मानेचा होकार

शाळेतल्या बाईंनी वेसेलाला आजी म्हटलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

बारावीच्या निरोपाच्या समारंभासाठी पालकांची सभा होती. आमच्या व्रात्सा गावात मुलीचं लग्न एक वेळ साधेपणाने उरकतील, पण बारावीचा निरोप नाही. त्या दिवशी मुलगी नवरीसारखी नटते, दारात बँड वाजतो, सगळं गणगोत जमतं, आणि आई तिला हाताला धरून जिन्यावरून खाली आणते. अख्खी इमारत खिडक्यांत उभी राहून बघते, आणि बघते म्हणजे बोलतेही. वेसेलाला इटलीहून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. अकरा वर्षं ती तिकडे बारी शहरात एका म्हातारीची शुश्रूषा करत होती. गेली तेव्हा तिची मुलगी एली सात वर्षांची होती, आजीच्या कमरेला मिठी मारून उभी. परत आली तेव्हा आजी जाऊन वर्ष झालं होतं आणि एली अठराची होऊन आईपेक्षा वीतभर उंच झाली होती.

बाईंनी कागद पुढे सरकवला आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा आवाज चढवून म्हणाल्या, "आजी, इथे सही करा हं. आई अजून इटलीतच का हिची?"

एलीने खाली जमिनीकडे पाहिलं. वेसेलाने 'आई' लिहिलेल्या रकान्यात सही केली, तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. मग त्यांनी इतक्या वेळा माफी मागितली की त्यापेक्षा आजी म्हटलेलं परवडलं असतं.

घरी आल्यावर वेसेला बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिली. वय एकोणपन्नास. म्हातारीला रात्रीतून चार वेळा कूस बदलून द्यायची, त्या सगळ्या रात्री चेहऱ्यावर उतरल्या होत्या. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत दोन खोल चरे पडले होते. तिला बाईंचा राग आला नव्हता. 'ही माझी आई आहे' असं एली चटकन म्हणाली नाही, ते तिला लागलं होतं, आणि हे कुणाला सांगावं असं माणूसही घरात उरलं नव्हतं.

ते दोन चरे भरून घ्यायचे, असं तिने ठरवलं. जिन्यावर उभी राहील ती आई दिसली पाहिजे.

वेसेला काही भोळीभाबडी नव्हती. ती आधी चौकातल्या डॉक्टर पेन्चेवांकडे गेली. भाव ऐकून तिचं तोंड उतरलं. तेवढ्यात एलीचा झगा आणि बूट दोन्ही आले असते. डॉक्टरबाई फटकळ, पण मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "खरं तर डॉक्टरशिवाय कुणी सुई लावूच नये. पण तुम्ही दुसरीकडे जाणार, हे तुमच्या तोंडावर दिसतंय मला. मग निदान तीन गोष्टी विचारा. भरायच्या औषधाची डबी तुमच्यासमोर फोडणार का? टोचणारीचं शिक्षण काय? आणि भरलेलं विरघळवायचं औषध तिच्या फ्रिजमध्ये आहे का? भरताना चुकून रक्तवाहिनी तुंबली, तर तेच एक औषध चेहरा वाचवतं. ते नसेल तर सरळ उठून घरी या."

वेसेलाने तीनही प्रश्न वाणसामानाच्या यादीमागे लिहून घेतले.

आता तिच्या मानेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मान आडवी हलवली की हो, आणि वरखाली केली की नाही. बाहेरचं जग उलटं चालतं, त्याला आमचा इलाज नाही. वेसेलाच्या म्हातारीला शेवटची चार वर्षं वाचा नव्हती. ती फक्त मानेने बोलायची, आणि अर्थात इटलीच्या मानेने. पाणी हवं? मान वरखाली. दुखतंय? मान वरखाली. चार वर्षं दिवसरात्र त्या एका मानेकडे बघून वेसेलाची स्वतःची मान कधी फिरली, ते तिलाही कळलं नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या पोरीने "आणखी एक पाव देऊ?" म्हणून विचारलं, हिने मान वरखाली केली, आणि एकच पाव घेऊन घरी आली. त्यावर एली खूप हसली होती. ती हसलेली वेसेलाला इतकी आवडली की तो किस्सा तिने शेजाऱ्यांना तीनदा सांगितला.

देनित्सा त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. आधी इस्पितळात नर्स होती, मग घरीच पापण्या आणि नखं करू लागली, आणि राजधानीत, सोफियाला, दोन दिवसांचा वर्ग करून आल्यापासून चेहऱ्यावरचे चरे बुजवणारं फिलरही भरायची. प्रमाणपत्र भिंतीवर, फुलांच्या चौकटीत. वेसेला गेली तेव्हा ती कुणाच्या तरी पापण्या चिकटवत होती.

"या ताई, बसा. विचारा काय विचारायचंय ते, माझे हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

"डबी माझ्यासमोर फोडशील?"

"म्हणजे काय! वरचं नंबराचं लेबलसुद्धा तुम्हाला देईन घरी न्यायला."

"आणि शिकलीस ते..."

"भिंतीवर बघा. आणि सहा वर्षं लहान पोरांच्या शिरा शोधल्यात मी, ताई. तुमचे गाल म्हणजे त्यापुढे मैदान!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो तिने खांदा आणि कानाच्या मध्ये धरला आणि माल पाठवणाऱ्याशी भांडू लागली. वेसेलाला धीर धरवेना. तिने यादी चाचपली आणि हळूच विचारलं, "आणि ते विरघळवायचं औषध? आहे ना फ्रिजमध्ये?"

देनित्साने फोन न सोडता सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान वरखाली केली. दोनदा. अगदी स्पष्ट.

वेसेलाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिला होकार हवा होता, तो मिळाला. बेकरीतला पाव तिला त्या क्षणी आठवला नाही.

फोन ठेवून देनित्साने विचारलं, "मग ताई? तरी करायचं?"

"तरी काय, करायचंच," वेसेला म्हणाली.

समारंभ पुढच्या शनिवारी होता. या शुक्रवारी दुपारी वेसेला देनित्साच्या खुर्चीत बसली. डाव्या बाजूला काही झालं नाही. उजवीकडे दुसऱ्यांदा सुई गेली तेव्हा नाकाच्या कडेपर्यंत जाळ उठला आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "होतं असं ताई, झालंच," देनित्सा म्हणाली. कातडी क्षणभर पांढरी पडली होती, ती देनित्साने बोटाने चोळली. डबीवरचं लेबल मात्र कबूल केल्याप्रमाणे वेसेलाच्या हातात दिलं.

घरी आल्यावर दुखणं थांबायचं नाव घेईना. चार वाजता वरच्या ओठापासून नाकाच्या पाळीपर्यंत जांभळट जाळी उमटली. वेसेलाने मनाशी म्हटलं, सूज असेल, बर्फ लावू. खरं म्हणजे ती घाबरली होती. आठ दिवसांवर समारंभ, आणि आपण आपल्याच हाताने तोंडाचं वाटोळं करून घेतलं, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोंगावत होता. आता कुठल्या तोंडाने जिना उतरायचा?

पाचला एली नाचाच्या सरावावरून आली. दारातच तिच्या हातातली पिशवी गळाली.

"आई, हे काय झालंय तुझ्या तोंडाला?"

"काही नाही. फिलर भरला जरा. देनित्साकडे."

एलीने तिच्या नाकाच्या पाळीला बोट लावलं. "बर्फासारखं गार पडलंय गं हे! चल. ऊठ."

दोघी तिसऱ्या मजल्यावर गेल्या. देनित्साने दार उघडलं, वेसेलाचा चेहरा बघितला आणि ती मागे भिंतीला टेकली.

"दे ते औषध," वेसेला म्हणाली.

"कुठलं औषध?"

"विरघळवायचं! फ्रिजमधलं!"

"ताई, माझ्याकडे नाहीये ते. मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"सांगितलंस? मी विचारलं तेव्हा हो म्हणालीस तू!"

"मी नाही म्हटलं! ही अशी मान केली!" देनित्साने मान वरखाली करून दाखवली. तिचे डोळे भरून आले होते. "नाही म्हटलं, आणि वर 'तरी करायचं का' असंही विचारलं. तुम्हीच म्हणालात, करायचंच!"

वेसेलाला ती मान पुन्हा दिसली. दोनदा, अगदी स्पष्ट, आणि इथल्या कुठल्याही शेंबड्या पोरालाही कळेल अशी.

"भांडत काय बसलात?" एली ओरडली. "गाडीची किल्ली घे, देनित्साताई!"

एक गोष्ट देनित्साच्या पदरात घालायला हवी. ती पळाली नाही. तिनेच पेन्चेवाबाईंना फोन केला, काय भरलं आणि किती ते खरं खरं सांगितलं, आणि दोन लाल सिग्नल तोडून गाडी चौकात आणली.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने वही उघडली. "आजींचं नाव काय?"

"आजी नाही," एली म्हणाली. सगळा दवाखाना वळून बघेल इतक्या मोठ्याने म्हणाली. "आई आहे माझी. वेसेला. लिहा लवकर."

वेसेलाने ते ऐकलं. अर्धा चेहरा आगीत होता, तरी ऐकलं.

पेन्चेवाबाईंनी आधी औषध टोचलं आणि मग तोंड सोडलं. देनित्साला त्या जे बोलल्या ते मी लिहीत नाही. वेसेलाला म्हणाल्या, "तीन प्रश्न दिले होते तुम्हाला. आणखी उशीर केला असतात, तर ही नाकपुडी काळी पडली असती. आता दर तासाला टोचणार, जोवर रंग येत नाही तोवर. शेक घ्या आणि बोलू नका. एक अक्षर बोलायचं नाही."

दोघी मायलेकी आतल्या खोलीत बसल्या. एली गरम फडकं वेसेलाच्या गालावर धरून होती. दुसरं इंजेक्शन झालं.

"कशासाठी केलंस गं?" एलीने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "शाळेतल्या बाईंमुळे ना? मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, तू काय, परत जाणारच आहेस. उगाच आई आई कशाला करायचं?"

वेसेलाने तिचा हात धरला.

"मागे एकदा व्हिडिओवर विचारलं होतंस तू, दोन वर्षांपूर्वी," एली फडक्याकडे बघत म्हणाली. "आजी आजारी होती तेव्हा. 'आणखी दोन वर्षं राहू का? चालेल तुला?' मी तुला सांगितलं. मला रडू येत होतं, बोलता येत नव्हतं, म्हणून मानेने सांगितलं. तरी तू राहिलीस."

वेसेलाला ती स्क्रीन आठवली. आजीच्या स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, एलीचा खाली घातलेला चेहरा, आणि वरखाली होणारी मान. दोनदा. म्हातारीच्या उशाशी बसून तिने ती पाहिली होती, आणि पोर किती समंजस झाली म्हणून त्या दिवशी काम देणाऱ्या एजन्सीच्या कागदावर सही करून टाकली होती. दोन वर्षं. आजीची मातीही त्यातच झाली, आणि एलीने ती एकटीने केली.

तिच्या घशातून कसलातरी आवाज आला. एलीने वर पाहिलं. आईच्या डोळ्यांत काय आहे ते तिने पाहिलं, आणि तिसऱ्या मजल्यावरचं ते भांडण तिला आठवलं असावं, कारण तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली. "तुला वाटलं, मी हो म्हटलं?"

वेसेला रडू लागली. हुंदक्याबरोबर अर्धा चेहरा ताणला जाऊन दुखत होता, आणि तिला थांबता येत नव्हतं. एलीही रडत होती. तिने दुसऱ्या हाताने आईचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"तुझे फोन ऐकलेत मी," ती म्हणाली. "एजन्सीवाल्यांचे. जूनपासून दुसरी म्हातारी आहे म्हणे. समारंभ झाला की जाणार आहेस तू?"

वेसेलाची मान हलायला लागली. एलीने झटकन तिची हनुवटी दोन्ही हातांत पकडली.

"मान नको. तोंडाने सांग."

वेसेलाने ओठ उघडले. उजवा ओठ तिचं ऐकत नव्हता. पहिल्यांदा नुसती हवा आली.

"नाही," ती म्हणाली. "नाही जाणार. नाही."

दार उघडलं. तिसरं इंजेक्शन घेऊन डॉक्टरबाई आत आल्या. "बोलू नका म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"बोलू द्या तिला," एली म्हणाली.