भोकं बुजवणारा दीर

नवरा गेल्यापासून आर्लिस टॉलेफसनच्या वाट्याला गावाची मदत आली होती, आणि ती काही केल्या आटपत नव्हती. चर्चच्या बायकांनी तिच्या कोंबड्यांना लोकरीचे स्वेटर विणून दिले. कोंबडीला थंडी बाधते ती तुऱ्याला नि बोटांना, पोटाला नव्हे, हे सांगायची सोय नव्हती. मिनेसोटात मदत नाकारणं म्हणजे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. ‘किती छान’ म्हणून आर्लिसने स्वेटर कुत्र्याखाली अंथरले.

धाकटा दीर डेल्मार मात्र स्वेटरवर भागणारा नव्हता. रविवारी ती चर्चमध्ये असताना त्याने खुराड्याच्या छपराखालची हवेची सगळी भोकं गोधड्या कोंबून बुजवली आणि वर बाहेरून फळ्या ठोकल्या. संध्याकाळी अंधारात दार लावताना तिने वर पाहिलंच नाही.

सोमवारी दार उघडलं तर ओली वाफ तोंडावर आली. खिडकीच्या काचेला आतून बर्फ. आणि गुस्टाव कोंबड्याच्या लालभडक तुऱ्याची टोकं मेणासारखी पांढरी. नवऱ्याने वर्षानुवर्षं राखलेल्या वाणाचा हा शेवटचा नर. थंडीने मार खाल्लेल्या कोंबड्याकडून पिल्लांची फारशी आशा नसते, आणि तिला वसंतात याचीच पिल्लं हवी होती.

ती त्याला एप्रनमध्ये गुंडाळून स्वयंपाकघरात आणते न आणते, तोच डेल्मार हजर.

“काय, झालं ना उबदार?”

“तुला कोणी सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला हवं? वरून वारा घुसत होता.”

“वरून ओल बाहेर जात होती, डेल्मार. कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, हगतात. ती वाफ जाणार कुठे? बसली याच्या तुऱ्यावर आणि गोठली. कोरडं असलं की उणे तीसमध्येही हा मजेत असतो.”

“मी आपलं चांगल्यासाठीच…”

“ठाऊक आहे. शिडी गोठ्यात आहे. जा, काढ सगळं.”

तो रागाच्या भरात टोपी गाडीतच ठेवून शिडीवर चढला. परतला तो कानावर हात धरून. कानाची पाळी तुऱ्यासारखीच पांढरी झाली होती.

“आर्लिस, माझा कान बघ जरा.”

“चोळू नकोस. बस तिथे.” ती कोमट ओलं फडकं तुऱ्याला लावून बसली होती. “आधी याचं होऊ दे.”

“अगं, मी माणूस आहे.”

“हो ना. म्हणून तर तुला टोपी आहे.”

गुस्टावचं झाल्यावर तिने डेल्मारच्या कानाला दुसरं फडकं लावलं. कान हळूहळू लाल झाला. मग तिने कॉफी ओतली, एकच कप, आणि तो स्वतः प्यायला घेतला. डेल्मारने कपाकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं, आणि उठला.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, आर्लिसने सख्ख्या दिराला कॉफी विचारली नाही, बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही. मदत थांबली.

तुऱ्याची दोन टोकं काळी पडून गळाली. खुराडं मात्र कोरडं राहिलं, आणि एप्रिलमध्ये पिल्लं निघाली.